साध्या पटखेळांचे आकर्षण : छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) परिसरातील काही ऐतिहासिक साक्षी

प्रस्तावना

इतिहासलेखनात राजवंश, लढाया, तह आणि महसूल यांना जे स्थान मिळते, ते खेळांना क्वचितच मिळते. खेळ म्हणजे फावल्या वेळाचा विरंगुळा, असे मानून अभ्यासक पुढे जातात. त्यातही ज्या खेळांना राजाश्रय नव्हता, ज्यांची साधने मौल्यवान नव्हती आणि जे जमिनीवर रेषा ओढून चार खड्यांच्या साहाय्याने खेळले जात, त्यांची उपेक्षा अधिकच झाली. तरीही मानवी बुद्धीच्या आविष्कारांपैकी अत्यंत दीर्घजीवी अशी काही रचना याच खेळांत आढळते. राज्ये बदलली, भाषा बदलल्या, नगरांची नावे बदलली. नवकंकरीचा पट मात्र जसाच्या तसा राहिला.

आज हाच प्रश्न एका वेगळ्या दिशेने पुन्हा आपल्यासमोर आला आहे. संगणकीय खेळांचा उद्योग प्रचंड भांडवलाचा झाला असताना, दोन-तीन माणसांनी स्वतंत्रपणे घडविलेले, नियमांनी साधे आणि रचनेने देखणे असे डावपेचांचे खेळ जगभर आवडीने खेळले जातात. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या हातातही ते असतात. या साध्या खेळांचे आकर्षण नेमके कशात आहे? ते नवीन आहे की जुने? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुख्यतः औरंगाबाद परिसरातील ऐतिहासिक साक्षींच्या आधारे केला आहे. साध्या खेळाचे आकर्षण त्याच्या सोपेपणात नसून, त्यात काहीही लपविलेले नसते आणि निर्णयाची सर्व जबाबदारी खेळणाऱ्यावर असते यात आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

वेरूळचा सारीपाट : दैव आणि निर्णय

या परिसरातील पटखेळांची सर्वांत भव्य साक्ष वेरूळ येथे आहे. चौदा, सोळा, एकवीस आणि एकोणतीस या क्रमांकांच्या लेण्यांत शिव आणि पार्वती फाशांचा खेळ खेळत असल्याची शिल्पे आहेत. सामान्यतः सहावे ते आठवे शतक असा या लेण्यांचा काळ मानला जातो. या शिल्पांत केवळ खेळ नाही, खेळाचा परिणामही आहे. एकोणतिसाव्या लेण्यात शिवाने पार्वतीचा हात धरला आहे. रुसून निघालेल्या पार्वतीला आणखी एका डावासाठी तो थांबवीत आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो. खालच्या पट्टीत गण नंदीची थट्टा करीत आहेत. विश्वाचा स्वामीही पटासमोर बसला की हरू शकतो, ही कल्पना शिल्पकारांना इतकी प्रिय होती की त्यांनी ती एकाच डोंगरात पुनःपुन्हा कोरली.

परंतु हा खेळ फाशांचा आहे हे लक्षात घ्यावयास हवे. फाशांच्या खेळात दैव आणि बुद्धी यांची भागीदारी असते. दान कोणते पडेल ते खेळणाऱ्याच्या हाती नाही. पडलेल्या दानावर कोणती सोंगटी चालवावी एवढेच त्याच्या हाती असते. म्हणून फाशांच्या खेळात हरलेल्या माणसाला दैवाकडे बोट दाखविता येते आणि पुढचे दान आपलेच, अशी आशाही बाळगता येते. द्यूताचे व्यसन जडते ते या आशेमुळे. महाभारतातील द्यूतसभा सर्वपरिचित आहे. मराठी गद्याच्या आरंभीच्या ग्रंथातही हा अनुभव आला आहे. लीळाचरित्रात चक्रधरांच्या पूर्वायुष्यातील, म्हणजे हरिपाळदेवाच्या, द्यूतात हरण्याची आणि देणे भागविण्यासाठी पत्नीकडे अलंकार मागण्याची हकीकत येते. पत्नीने नकार दिला आणि त्या नकारातून विरक्तीची वाट निघाली. चक्रधरांचे पैठणातील दीर्घ वास्तव्य ध्यानात घेतले म्हणजे ही कथाही याच परिसराच्या स्मृतीचा भाग ठरते.

फाशांच्या खेळांच्या एका टोकाला मोक्षपट आहे. हा खेळ परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडला जातो. ऐतिहासिक पुराव्याच्या दृष्टीने ही परंपरा सिद्ध मानता येत नसली, तरी मराठी मोक्षपटांची हस्तलिखिते उपलब्ध आहेत. मोक्षपटात खेळणाऱ्याला निवड अशी नसतेच. दान पडते, सोंगटी सरकते, शिडी वर नेते, साप खाली आणतो. कर्म आणि त्याचे फळ समजावून सांगण्यास हा पट उपयुक्त आहे. पण त्यात बुद्धीला करण्यासारखे काही नाही. येथून दुसऱ्या टोकाकडे गेले की ज्यात फासा नाही, कवडी नाही आणि दैवाला मुळीच वाव नाही असे खेळ लागतात. नवकंकरी, वाघ-बकरी आणि बुद्धिबळ हे त्यांपैकी होत. साध्या खेळाच्या आकर्षणाचा खरा विचार येथून सुरू होतो.

नवकंकरी आणि वाघ-बकरी : रचनेचे सौंदर्य

नवकंकरीचा पट म्हणजे एकात एक काढलेले तीन चौरस. चारही बाजूंचे मध्यबिंदू रेषांनी जोडलेले. अशा रीतीने चोवीस बिंदू तयार होतात. प्रत्येकाजवळ नऊ कंकर, म्हणजे खडे. आळीपाळीने ते बिंदूंवर ठेवावयाचे, नंतर रेषेवरून सरकवावयाचे. आपले तीन खडे एका रेषेत आले की प्रतिपक्षाचा एक खडा उचलावयाचा. ज्याच्याजवळ दोनच खडे उरले तो हरला. खेळाचे बहुतेक सर्व नियम एवढ्यात संपतात. लहान मुलाला ते काही मिनिटांत समजतात.

या सोपेपणामागे किती खोली आहे, याचे उत्तर विसाव्या शतकाच्या अखेरीस मिळाले. १९९३ साली झुरिक येथे राल्फ गासर यांनी संगणकाच्या साहाय्याने या खेळाचा संपूर्ण उलगडा केला. खडे ठेवून झाल्यानंतरच्या सुमारे ७६७ कोटी स्थिती त्यासाठी तपासाव्या लागल्या. दोन्ही बाजूंनी निर्दोष खेळ झाल्यास डाव बरोबरीत सुटतो, असा निष्कर्ष निघाला. चोवीस बिंदूंच्या आणि अठरा खड्यांच्या पोटात कोट्यवधी शक्यता दडल्या होत्या आणि गुराखी, प्रवासी व यात्रेकरू पिढ्यान् पिढ्या त्या पोकळीत अंदाजाने वाट काढत होते. निर्दोष खेळ मानवी बुद्धीच्या आवाक्याबाहेर असल्यामुळेच हा खेळ माणसांसाठी जिवंत राहिला, असे म्हणता येईल.

वाघ-बकरीचा खेळ याहून वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा आहे. त्यात दोन्ही पक्ष समान नसतात. एका बाजूला तीन किंवा चार वाघ, दुसऱ्या बाजूला पंधरा-वीस बकऱ्या. वाघ बकरीवरून उडी मारून तिला मारू शकतो. बकरीला कुणालाही मारता येत नाही. ती फक्त उभी राहू शकते, सरकू शकते आणि दुसऱ्या बकरीच्या पाठीशी राहू शकते. तरीही बकऱ्या जिंकू शकतात. वाघांना हलण्यास जागाच उरली नाही की वाघ हरले. आरंभी पटावर बकऱ्या थोड्या असतात तेव्हा वाघाचे बळ मोठे दिसते. पुढे एकेक बकरी नेमक्या जागी बसत गेली की तेच बळ निरुपयोगी ठरते.

या रचनेचा सामाजिक अर्थ फार ताणून सांगण्याचे कारण नाही. परंतु ज्यांनी हा खेळ खेळला त्या धनगर, गुराखी आणि शेतकरी समाजाच्या जीवनात वाघ ही केवळ कल्पना नव्हती. सामर्थ्यवानाला एकट्याने हरविता येत नाही, मात्र जागा न सोडणाऱ्या अनेकांनी मिळून त्याला कोंडता येते, हे ज्ञान कोणत्याही ग्रंथाशिवाय एका पटात साठविले गेले होते. नियमांतूनच अर्थ निर्माण होणे, त्यासाठी वेगळ्या उपदेशाची गरज न पडणे, हे उत्तम रचनेचे लक्षण होय. मोक्षपटाच्या प्रत्येक घरात उपदेश लिहावा लागतो. वाघ-बकरीच्या पटावर एक अक्षरही नसते.

कोरलेले पट आणि कालनिर्णयाची अडचण

महाराष्ट्रात नाणेघाट, नाशिकची पांडवलेणी आणि इतर अनेक ठिकाणी दगडात कोरलेले पट आढळले आहेत. कर्नाटकात विजयनगरच्या अवशेषांतील अशा पटांचे पद्धतशीर सर्वेक्षण झाले आहे. घाटवाटा, लेण्यांचे ओटे, देवळांचे मंडप, किल्ल्यांचे दरवाजे ही त्यांची ठिकाणे पाहिली तर एक समान सूत्र दिसते : जेथे माणसाला थांबावे लागते तेथे पट आहे. जकातीसाठी थांबलेला व्यापारी, पहाऱ्यावरचा शिपाई, पावसात अडकलेला वाटसरू हे त्याचे खेळाडू असावेत.

येथे अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. लेणे दोन हजार वर्षांपूर्वीचे म्हणून त्याच्या जमिनीवरील पटही तेवढाच जुना, असे मानता येत नाही. पट कुणीही, केव्हाही कोरू शकतो. तसेच नवकंकरीचा पट युरोपातील जुन्या धर्ममठांच्या दगडी आसनांवरही आढळतो. त्यामुळे तो आपल्याकडूनच सर्वत्र गेला, असा अभिमान मिरविण्यास आधार नाही. या पटांचे महत्त्व प्राचीनत्वात नाही. ज्यांनी ताम्रपट लिहिले नाहीत, शिलालेख कोरविले नाहीत, अशा माणसांच्या हातची ती अक्षरे आहेत, यात त्यांचे महत्त्व आहे. वेरूळच्या शिल्पात देवांचा खेळ राजाश्रयाने कोरला गेला. उंबरठ्यावरचा पट मात्र खेळणाऱ्याने स्वतः कोरला.

पैठण, औरंगाबाद आणि पटखेळांचे ग्रंथकार

लोकांच्या या खेळांकडे पंडितांनी सर्वस्वी दुर्लक्ष केले असे मात्र नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये चतुरंग, फासे आणि कवड्यांचे खेळ वर्णिले आहेत. तेथे दृष्टी दरबाराची आहे. पुढे सतराव्या शतकात काशीच्या नीलकंठ भट्टाने आपल्या 'भगवंतभास्कर' या धर्मशास्त्रावरील महाग्रंथाच्या 'नीतिमयूख' या भागात बुद्धिबळाचे विवेचन केले. नीलकंठाचे पणजोबा रामेश्वरभट्ट हे पैठणहून काशीस गेले होते. भारतीय बुद्धिबळाच्या अभ्यासात ज्या ग्रंथाचा उल्लेख युरोपीय विद्वान करीत आले, त्याच्या कर्त्याचे मूळ अशा रीतीने गोदाकाठी होते.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे नाव आहे ते औरंगाबादचे पंडित हरिकृष्ण शर्मा यांचे. १८७१ च्या सुमारास त्यांनी 'बृहज्ज्योतिषार्णव' हा विस्तृत संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. ब्राह्मणांच्या ज्ञातींची माहिती देणारा त्यांचा 'ब्राह्मणोत्पत्तिमार्तंड' बऱ्याच अभ्यासकांना ठाऊक असतो. त्याच बृहद्ग्रंथाचा एक भाग म्हणजे 'क्रीडाकौशल्य'. यात बुद्धिबळाबरोबर वाघाच्या खेळासारखे साधे लोकखेळही आले आहेत. पुढे हा ग्रंथ मुंबईत छापला गेला आणि पटखेळांच्या जागतिक इतिहासलेखनात त्याची दखल घेतली गेली. ज्योतिषाच्या महासागरात एका पंडिताला खड्यांच्या खेळांसाठी जागा करावीशी वाटली, ही घटना साधी नाही. राजाच्या खेळाला आणि गुराख्याच्या खेळाला एकाच प्रकरणात बसविणे हा एक बौद्धिक निर्णय होता. दोहोंत एकच गुण आहे, म्हणजे कौशल्य, असे ग्रंथाचे नावच सांगते.

हे लेखन ज्या काळात झाले तो काळही पाहिला पाहिजे. खाम नदीच्या पलीकडे छावणी होती. १८५३ च्या तहानंतर वऱ्हाडच्या महसुलावर पोसल्या जाणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी तेथे असत. १८५७ च्या जून महिन्यात येथील घोडदळात असंतोष उफाळला आणि तो कठोरपणे दडपण्यात आला. हरिकृष्णांचा ग्रंथ सिद्ध झाला तेव्हा या घटनेला पंधरा वर्षेही झाली नव्हती. एकाच गावात नदीच्या एका काठावर जुने शहर आणि दुसऱ्या काठावर इंग्रजी शिस्तीची छावणी, अशी रचना झाली होती. लष्करी दप्तरे सहसा वेतन, हजेरी आणि शिक्षा यांची नोंद ठेवतात. शिपायाच्या रिकाम्या संध्याकाळची नोंद ती ठेवीत नाहीत. ती नोंद, झाली तर, क्रीडाकौशल्यासारख्या ग्रंथांतूनच होते.

बुद्धिबळाच्या बाबतीत तर या काळात दोन नियमावल्या समोरासमोर आल्या होत्या. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चाले. राजाला किल्लेकोट नव्हता, पण शह बसण्यापूर्वी एकदा घोड्याची चाल करण्याची मुभा असे. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की सामान्यतः त्या घराचे मोहरे होई. प्याद्याने केलेली मात, म्हणजे प्यादेमात, विशेष मानाची समजली जाई. १८१४ साली मुंबईत त्रेवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील पुस्तक युरोपीय पद्धतीशी जुळवून इंग्रजीत छापले गेले, आणि १८९३ साली पुण्यात विनायक राजाराम टोपे यांचे 'बुद्धिबळाचा मजा' हे मराठी पुस्तक निघाले. विसाव्या शतकात आंतरराष्ट्रीय नियम सर्वत्र रूढ झाले आणि देशी पद्धत मागे पडली. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला तो याच नियमांनी. या यशाचा आनंद मोठा आहेच. पण प्यादेमातीला मान देणारी दृष्टी त्या वाटेवर हरपली, याचीही जाणीव असावी. सर्वांत लहान मोहऱ्याने राजाला जिंकावे यात मराठी खेळाडूंना जे समाधान वाटे, त्याची गणना आंतरराष्ट्रीय गुणपत्रकात होत नाही.

पडद्यावरचा पट

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. २०१८ साली प्रसिद्ध झालेला 'इन्टू द ब्रीच' हा संगणकीय खेळ उदाहरणादाखल घेऊ. मॅथ्यू डेव्हिस आणि जस्टिन मा या दोघांनी स्थापन केलेल्या एका लहान संस्थेने तो घडविला. पट बुद्धिबळाप्रमाणेच आठ बाय आठ घरांचा. खेळणाऱ्याजवळ सामान्यतः तीन यंत्रे आणि समोर जमिनीतून वर येणारे अनेक शत्रू. या खेळाचे वैशिष्ट्य असे की शत्रू पुढच्या खेपेस कोणावर आघात करणार हे आधीच पटावर दाखविलेले असते. आघाताच्या बाबतीत लपवाछपवी जवळजवळ नाही. प्रश्न एवढाच उरतो : हे सर्व दिसत असताना तुम्ही काय करणार? कित्येकदा शत्रूला मारण्यापेक्षा त्याला एक घर बाजूला ढकलणे अधिक फलदायी ठरते.

वाघ-बकरी खेळलेल्या माणसाला यात काही अपरिचित वाटणार नाही. विषम पक्ष, मोजकी मोहरी, उघडा पट, आणि मारण्यापेक्षा जागेला असलेले महत्त्व, ही सर्व जुनीच तत्त्वे आहेत. प्रचंड खर्चाचे खेळ डोळ्यांना दिपवितात. त्यांतील पराभवाचे कारण बरेचदा खेळणाऱ्याला कळतही नाही. साध्या खेळात हरलेला माणूस मात्र पटाकडे पाहून सांगू शकतो की चूक अमुक चालीत झाली. पराभव समजतो, म्हणून तो अपमानकारक वाटत नाही. आणि समजतो, म्हणूनच पुन्हा डाव मांडावासा वाटतो. द्यूतातला माणूस पुढच्या दानाच्या आशेने खेळतो, तर येथे तो स्वतःच्या सुधारणेच्या आशेने खेळतो. वरून दोन्ही ओढी सारख्या दिसल्या तरी त्यांचे स्वरूप भिन्न आहे. तरुणांच्या हातातील मोबाइलवरील खेळांविषयी चिंता व्यक्त करताना प्राध्यापकवर्गाने हा भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. पैसे लावून दैवाची वाट पाहावयास लावणारा खेळ आणि बुद्धीला पुरते मोकळे अंगण देणारा खेळ यांना एकाच शब्दाने दोष देणे शास्त्रीय ठरणार नाही.

एक फरक मात्र मान्य केला पाहिजे. नवकंकरीला समोर माणूस लागतो. तो चाल करताना अडखळतो, हसतो, चिडतो, चाल परत मागतो. पडद्यावरचा प्रतिपक्ष थकत नाही आणि रुसतही नाही. वेरूळच्या शिल्पकाराने कोरलेला रुसवा पटात नाही, तो दोन खेळणाऱ्यांच्या मधल्या जागेत आहे. ती जागा यंत्राला भरून काढता आलेली नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की साध्या, सुघड रचनेच्या खेळाचे आकर्षण हे संगणकयुगाचे अपत्य नाही. थोडे नियम, उघडा पट, दैवाला नसलेली जागा आणि समजणारा पराभव या चार गोष्टी जेथे एकत्र आल्या तेथे ते निर्माण झाले. मग साधन खडा असो वा पडदा. औरंगाबाद परिसराने या इतिहासाला देवांच्या खेळाचे शिल्प दिले, पैठणच्या भट्ट घराण्याचा ग्रंथकार दिला आणि लोकखेळांना पंडितांच्या ग्रंथात स्थान देणारे हरिकृष्ण शर्मा दिले.

हा वारसा आज दोन बाजूंनी धोक्यात आहे. देवळांचे ओटे आणि मंडप गुळगुळीत फरशीने झाकले जात आहेत. त्याखाली एखादा पट असल्यास तो न पाहताच कायमचा नाहीसा होतो. दुसरीकडे, खेळांचे नियम ज्यांच्या तोंडी आहेत ती पिढी वृद्ध झाली आहे. इतिहास, समाजशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करावे असे हे काम आहे. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील देऊळ, वेस, पार आणि गढी पाहावी, कोरलेल्या पटाचे मोजमाप व छायाचित्र घ्यावे, घरातील आजी-आजोबांकडून नियम लिहून घ्यावेत. यासाठी अनुदान लागत नाही. क्रीडाकौशल्याची मराठी भाषांतरासह सटीप आवृत्ती ग्रंथकाराच्याच नगरातून सिद्ध व्हावी, हीही अपेक्षा रास्त ठरेल.

हे खेळ इतकी शतके टिकले ते कुणी जतन केले म्हणून नव्हे. कुणीतरी कुणालातरी समोर बसवून शिकविले म्हणून. म्हणून नोंदींइतकेच दुसरे एक काम महत्त्वाचे आहे. फळ्यावर तीन चौरस काढावेत, दोन विद्यार्थ्यांच्या हाती नऊ-नऊ खडे द्यावेत आणि वर्गाने शांतपणे तो डाव पाहावा. इतिहासाचा असा तास कोणत्याही पाठ्यक्रमात बसण्याजोगा आहे.